तीस पराभवांचा धनी

गेल्या अंकात मी शिकागो व्हाइट सॉक्सबद्दल लिहिलं होतं. २०२४ च्या हंगामात १६२ पैकी १२१ सामने हरलेला बेसबॉल संघ. लेखाच्या शेवटी ओघात एक वाक्य टाकलं की याहून वाईट संघ होऊन गेलाय, १८९९ चा क्लीव्हलंड स्पायडर्स, आणि खाली त्यांच्या पिचरांचा (म्हणजे बेसबॉलमधल्या गोलंदाजांचा) छोटासा तक्ता जोडला. वाटलं होतं, तक्ता कोण वाचतंय! या सदराला एरवी पत्रं येतात ती पायचीतच्या नियमावर, नाहीतर 'आमच्या वेळचं क्रिकेट' या विषयावर. या महिन्यात मात्र व्हाइट सॉक्स राहिले बाजूला, सगळे त्या एका वाक्यावर आणि तक्त्यावर तुटून पडले. म्हणून हे पानभर उत्तर. मी जन्मभर मैदानांवर स्कोअरर म्हणून बसलो, तेव्हा आकडे जरा जास्त झाले तर सांभाळून घ्या.

प्रश्न : १५४ सामन्यांत २० विजय आणि १३४ पराभव, ही छपाईची चूक आहे का? एवढा टाकाऊ संघ व्यावसायिक लीगमध्ये खेळतोच कसा? (एक वाचक, नागपूर)

छपाईची चूक नाही. आणि गंमत म्हणजे हा संघ टाकाऊ नव्हता, तो टाकाऊ केला गेला. आदल्याच वर्षी, १८९८ मध्ये, याच स्पायडर्सनी ८१ सामने जिंकले होते आणि बारा संघांत ते पाचवे आले होते. साय यंग त्यांचा पिचर होता. पुढे कारकिर्दीत ५११ विजय मिळवणारा, आणि ज्याच्या नावाने आज सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार देतात, तोच हा साय यंग.

संघाचे मालक होते फ्रँक आणि स्टॅन्ली रॉबिसन हे दोघे भाऊ. क्लीव्हलंडमध्ये त्यांच्या ट्राम चालायच्या, आणि ट्राम जिथे जायची तिथेच मैदान बांधलेलं. म्हणजे प्रेक्षकाने तिकिटाचे पैसेही यांनाच द्यायचे आणि ट्रामभाडंही यांनाच. हिशेब पक्का. पण गर्दी मनासारखी होईना. कामगारांचं शहर, सुट्टी रविवारची, आणि रविवारी खेळायला बंदी. १८९७ मध्ये रविवारी सामना भरवून पाहिला, तर पोलिसांनी मैदानात येऊन दोन्ही संघांचे खेळाडू पकडून नेले. फ्रँक रॉबिसन शहरावर रुसला तो रुसलाच.

तिकडे सेंट लुईसचा संघ दिवाळखोरीत निघाला. १८९८ मध्ये तो १११ सामने हरून तळाला गेला होता, त्याच वर्षी त्याच्या मैदानाला आगही लागली होती. १८९९ च्या वसंतात त्याचा लिलाव झाला आणि तो रॉबिसन बंधूंच्या हाती आला. आता दोन संघ, मालक एकच. त्या काळी याला नियमाची आडकाठी नव्हती. भावांनी विचार केला की सेंट लुईस मोठं शहर, तिथे रविवारी खेळता येतं, मग चांगला माल तिकडच्या दुकानात ठेवू. साय यंग तिकडे, बर्केट आणि वॉलेस तिकडे, कप्तान टेबोसुद्धा तिकडे. आणि सेंट लुईसच्या तळाच्या संघातले उरलेसुरले इकडे क्लीव्हलंडला. आपल्याकडे वाटणीत थोरल्याने पितळेची भांडी उचलावीत आणि धाकट्याला चिमटा-फुंकणी द्यावी, तसला प्रकार. फरक इतकाच की इथे दोन्ही घरं एकाच माणसाची होती.

हंगामाचा पहिला सामना कुणाशी असावा? सेंट लुईसशीच. १५ एप्रिल १८९९. समोरून चेंडू टाकायला साय यंग. क्लीव्हलंड १०-१ ने हरलं.

क्लीव्हलंडच्या लोकांना कळायचं ते कळलं. त्यांनी मैदानाकडे पाठ फिरवली. अख्ख्या हंगामात घरच्या मैदानावर सामने झाले ४२, आणि सगळे मिळून प्रेक्षक आले ६,०८८. म्हणजे सामन्याला सरासरी १४५ माणसं. आमच्या गल्लीत टेनिस बॉलच्या फायनलला याहून जास्त असतात, गच्चीवरचे न धरता.

खरं पानिपत पुढे आहे. तिकिटांच्या पैशातला वाटा पाहुण्या संघाला मिळायचा. १४५ प्रेक्षकांच्या वाट्यात हॉटेलचं बिलही निघेना, तेव्हा बाकीचे संघ म्हणाले, आम्ही काही क्लीव्हलंडला येणार नाही, तुम्हीच या. मग स्पायडर्सनी आपले घरचे सामनेही दुसऱ्यांच्या मैदानांवर नेले. एकूण ११२ सामने परगावी. त्यांतले ११ जिंकले, १०१ हरले. हॉटेल, आगगाडी, पराभव, पुन्हा आगगाडी. वर्तमानपत्रं त्यांना 'भटके', 'परागंदा' असल्या नावांनी हाक मारू लागली.

ऑगस्टच्या अखेरीपासून सलग २४ हरले, मग एक जिंकले, मग शेवटपर्यंत सलग १६ हरले. अखेरच्या ४१ सामन्यांत एक विजय. लीगमध्ये पहिल्या आलेल्या ब्रुकलिनच्या ८४ सामने मागे. तेही सोडा, ते अकराव्या क्रमांकाच्या वॉशिंग्टनच्याही ३५ सामने मागे होते. म्हणजे तळाच्या संघाखाली आणखी एक तळघर होतं, त्यात हे राहत होते.

पुढच्या वर्षी लीगने बारातले चार संघ कमी केले, त्यात क्लीव्हलंड गेलं.

प्रश्न : काका, मी कॉलेजच्या संघात मिडियम पेस टाकतो. दोन ओव्हर महाग पडल्या की कप्तान मला फाइन लेगला धाडतो, पुन्हा बोलवत नाही. तुमच्या तक्त्यात जिम ह्युई नावाचा पिचर ४ सामने जिंकला आणि ३० हरला. त्याच्या हातात परत परत चेंडू का दिला? (कोल्हापूर)

तुझं पत्र मी दोनदा वाचलं, कारण हाच प्रश्न मलाही पडला होता. मुलाकडे अमेरिकेत सहा महिने राहिलो तेव्हा टीव्हीवर बेसबॉल बघायचो आणि सवयीने कागदावर स्कोअर मांडायचो. पहिल्यांदा मी अडलो ते इथेच.

आपल्या वहीत गोलंदाजाच्या नावापुढे षटकं, निर्धाव, धावा, बळी एवढं येतं. सामना हरलो, तर पराभव संघाच्या नावे. तो कुठल्याही एका माणसाच्या रकान्यात जात नाही. १९७४ मध्ये लॉर्ड्सवर आपला संघ ४२ धावांत गारद झाला, त्यात एकनाथ सोलकर नाबाद १८ होता. त्या डावात दोन आकडी धावा करणारा तो एकटाच. कसोटी हरलो, पण सोलकरच्या नावापुढे काय राहिलं? १८ आणि नाबादची खूण.

बेसबॉलच्या वहीत तसं नाही. तिथे प्रत्येक पराभव एका पिचरच्या नावे टाकावाच लागतो. प्रतिस्पर्ध्याने जी आघाडी घेतली आणि शेवटपर्यंत सोडली नाही, ती ज्याच्या चेंडूंवर घेतली त्याच्या खात्यावर तो पराभव. क्षेत्ररक्षकांनी बोटातून चेंडू सोडले असोत, फलंदाजांनी एक धावही काढून दिली नसो, अपयशाचा धनी तोच. मला हे आजही पटत नाही. मुलगा म्हणतो, बाबा, विजयसुद्धा त्याच्याच नावावर जातो ना. मी म्हटलं, जातो, पण विजय मिळाला तर!

आता त्या संघाचं गणित बघ. स्पायडर्सनी वर्षभरात धावा केल्या ५२९ आणि दिल्या १,२५२. सामन्यामागे साडेतीनच्या आसपास मिळवायच्या आणि आठाहून जास्त द्यायच्या. त्यात त्या काळी पिचर बदलण्याची पद्धत जवळजवळ नव्हती. सुरू केलं की संपवायचं. ह्युईने त्या हंगामात तीसहून अधिक सामने पहिल्या चेंडूपासून शेवटच्यापर्यंत एकट्याने टाकले. अशा संघाकडून तू तीन-चार दिवसाआड उभा राहिलास, तर तुझ्या नावावर तरी काय लागेल?

आणि इथेच तुझ्या प्रश्नाचं उत्तर आहे. तीस सामने हरायला आधी तीसदा चेंडू हातात मिळावा लागतो. तक्त्यात ह्युईच्या खाली बघ. फ्रँक बेट्स, १ विजय आणि १८ पराभव. श्मिट, २ आणि १७. हॅरी कॉलिफ्लॉवर, १ आणि ११ (हो, खरंच तसं आडनाव होतं, हसू नकोस). यांनी टाकले तर काय होतं ते सगळ्यांना दिसत होतं. त्यांच्यापेक्षा ह्युई बरा, म्हणून ह्युई. तो त्या संघातला सगळ्यात वाईट पिचर नव्हता, जवळजवळ सगळ्यात चांगला होता.

त्याची पूर्वपीठिका ऐकलीस तर तुला वाईट वाटेल. १८६९ चा जन्म, मिशिगन राज्यातला. कोल्डवॉटर नावाच्या गावावरून त्याला 'कोल्डवॉटर जिम' म्हणायचे. १८९८ मध्ये तो कुठे होता? सेंट लुईसला, त्या १११ सामने हरलेल्या संघात. तिथे त्याचे ७ विजय, २४ पराभव. मग मालक बदलले, चांगले खेळाडू सेंट लुईसला आले आणि सेंट लुईसचा संघ सावरला. नेमका तेव्हा ह्युईला उचलून क्लीव्हलंडला पाठवला. बुडत्या होडीतून काढला आणि दुसरी बुडायला लागल्यावर तिच्यात नेऊन बसवला. दोन वर्षं, दोन तळाचे संघ, ११ विजय आणि ५४ पराभव.

एका हंगामात ३० सामने हरलेला तो शेवटचा पिचर. त्यानंतर कुणी तिथवर गेलंच नाही. १९०५ मध्ये व्हिक विलिस २९ वर थांबला. १९६२ चा न्यूयॉर्क मेट्स १२० सामने हरला, त्यात रॉजर क्रेगचे २४ पराभव. २००३ मध्ये डेट्रॉइट ११९ हरलं, तेव्हा माइक मॅरॉथ २१ वर गेला. आता पिचर सामन्याच्या नऊ डावांतले पाच-सहा टाकून बर्फाची पिशवी खांद्याला लावून बसतो. ३० पराभवांसाठी लागणारे सामनेच त्याच्या वाट्याला येत नाहीत.

तुला एक आठवण सांगतो. पावसाळ्यातल्या कांगा लीगमध्ये मी एका तळाच्या डिव्हिजनमधल्या क्लबासाठी वही धरायचो. रविवारी सकाळी पाऊस असला की आमचे आठच जण यायचे. त्यात एक ऑफस्पिनर होता, सरकारी कचेरीत कारकून. दुसरा गोलंदाजच नसल्याने एक टोक कायम त्याचं. एकदा समोर तगडा संघ होता, चेंडू साबणासारखा हातातून सुटत होता, आणि त्याला धू धू धुतलं. डाव संपल्यावर तो तंबूत आला, टॉवेलने डोकं पुसत माझ्या वहीत वाकून म्हणाला, "मेडन किती?" मी म्हटलं, एक. "कुठली?" मी बोट ठेवून दाखवली. सहा ठिपके. मान हलवली आणि डबा उघडून बसला. तो सामना आम्ही किती फरकाने हरलो ते मला आज आठवत नाही, आणि त्याच्या नावापुढे ते कुठे लिहिलेलंही नाही.

बाकी, तुझ्या कप्तानाला हे पत्र दाखवू नकोस. फाइन लेगवरून थेट बाराव्या गड्यावर जाशील.

प्रश्न : नातवाने ओहायोहून आमच्या ह्यांच्यासाठी जुनी टोपी आणली, तिच्यावर 'क्लीव्हलंड इंडियन्स' लिहिलंय. हे ती घालून रोज पर्वती चढतात आणि भेटेल त्याला सांगतात की तिकडे आपल्या भारतीयांचा संघ आहे. खरं काय ते छापा म्हणजे मी त्यांच्यापुढे ठेवीन. (एक आजी, पुणे)

आजी, आजोबांना बेताबेतानेच सांगा. त्यातले इंडियन आपण नव्हे, अमेरिकेचे मूळ रहिवासी. आणि गंमत म्हणजे तुमच्या टोपीचा धागाही याच बुडीत संघापर्यंत जातो.

मेन राज्यात ओल्ड टाउनजवळ नदीतलं एक बेट आहे, तिथे पेनॉब्स्कॉट लोकांची वस्ती. तिथला लुई सॉकलेक्सिस १८९७ मध्ये स्पायडर्सकडे आला. धावण्यात, फेकीत, फटक्यात, सगळ्यातच तरबेज. पहिल्याच वर्षी ६६ सामन्यांत त्याची फलंदाजीची सरासरी .३३८ होती. ती क्रिकेटच्या सरासरीसारखी वाचू नका. शंभरातल्या चौतीस वेळा तो फटका मारून बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या टप्प्यावर, पोचत होता, आणि बेसबॉलमध्ये ही फार मोठी गोष्ट. त्याला बघायला झुंबड उडायची, आणि त्यातलेच लोक तो फलंदाजीला आला की तोंडावर हात आपटत किंकाळ्या मारायचे. वर्तमानपत्रांनी संघालाच 'इंडियन्स' म्हणायला सुरुवात केली. त्याच उन्हाळ्यात घोटा दुखावला, दारू वाढली, आणि दोन वर्षांत सगळं ओसरलं. १८९९ च्या त्या फुटक्या संघातही तो होता, पण फक्त ७ सामने. मग त्याला काढून टाकलं. १९१३ मध्ये तो वारला, वय ४२.

स्पायडर्स बंद पडल्यावर त्याच शहरात दुसरा संघ आला. त्याने १९१५ मध्ये 'इंडियन्स' हे नाव घेतलं. पुढे बरीच वर्षं क्लब सांगत राहिला की हे नाव सॉकलेक्सिसच्या सन्मानार्थ ठेवलंय. इतिहासकारांना ते तितकंसं पटत नाही. माझं मत विचाराल तर, ज्याला सात सामन्यांनंतर घरी पाठवलं त्याचा सन्मान सोळा वर्षांनी आठवावा, हे मलाही जरा जड जातं.

२०२२ च्या हंगामापासून संघाचं नाव 'गार्डियन्स' आहे. शहरातल्या एका पुलाच्या दोन्ही टोकांना वालुकाश्माचे उंच रखवालदार कोरलेत, प्रत्येकाच्या हातात एकेक वाहन, कुणाकडे गवताची गाडी, कुणाकडे मालमोटार. त्यांच्यावरून हे नाव. मुलगा मला त्या पुलावरून घेऊन गेला तेव्हा मी त्याला म्हटलं, आपल्याकडे देवळाबाहेर द्वारपाल असतात, यांनी पुलाबाहेर ठेवलेत.

त्याच दिवशी आम्ही स्पायडर्सचं जुनं मैदानही पाहिलं. लेक्सिंग्टन रस्ता आणि पूर्व ६६ वी गल्ली यांच्या कोपऱ्यावर. १८९१ मध्ये ते सुरू झालं तेव्हा पहिल्या सामन्यात पिचर साय यंगच होता. विटांचं जुनं तिकीटघर तेवढं उभं आहे, पण ते १९०९-१० च्या सुमाराचं, त्या १४५ जणांनी तिथून तिकीट काढलेलं नाही. मैदानावर आता कृत्रिम हिरवळ आहे. आम्ही गेलो तेव्हा एक आजोबा नातीला चेंडू झेलायला शिकवत होते, बाकी कुणी नव्हतं. मुलाने घड्याळ बघितलं, मग आम्ही निघालो.

टोपी घालू द्या त्यांना. ऊन फार आहे.

प्रश्न : अशा संघाचा मॅनेजर काय करत असेल? (ठाणे)

पहिला मॅनेजर लेव्ह क्रॉस, ८ विजय आणि ३० पराभव. तो खेळाडू म्हणून चांगला होता, म्हणून जूनमध्ये मालकांनी त्यालाही सेंट लुईसला उचललं. या संघात चांगलं खेळण्याचं बक्षीस म्हणजे सुटका. विली सुडहॉफ नावाचा पिचरही असाच सुटला.

दुसरा जो क्विन. ऑस्ट्रेलियात जन्मलेला, स्वतः सेकंड बेसवर खेळणारा. त्याचा हिशेब १२ आणि १०४. हंगाम नसताना सेंट लुईसमध्ये त्याचा धंदा होता अंत्यविधीचा. म्हणजे प्रेताची व्यवस्था लावायची, शवपेटी पुरवायची, नातेवाइकांशी हळू आवाजात बोलायचं. हे मी रचून सांगत नाही.

श्मिटबद्दलही लिहा म्हणून तुम्ही तळटीप टाकलीय, तर एवढंच. त्याला लोक 'क्रेझी' म्हणत. फलंदाजांच्या उणिवा टिपून ठेवायला तो एक वही बाळगायचा. असं सांगतात की एकदा त्या काळचा बडा फलंदाज कॅप अॅन्सन समोर आला, श्मिटने खिशातून वही काढली, पान उलटलं आणि वाचलं, 'उणीव : चार वाइड टाकून फुकट बेस द्यावा.' खरं-खोटं देव जाणे. पण वही धरणारा माणूस म्हणून मला तो जवळचा वाटतो.

प्रश्न : स. न. वि. वि. बँकेत सदतीस वर्षं लेजर तपासले, सवय जात नाही. आपल्या तक्त्यातील तेरा पिचरांच्या विजयांची बेरीज २० येते, ती बरोबर. पराभवांची बेरीज मात्र १३३ येते. लेखात आपण १३४ म्हटले आहे. खुलासा व्हावा. ता. क. ह्युईचे पुढे काय झाले? (सातारा)

साहेब, आधी ता. क. चं उत्तर देतो, कारण वरच्या प्रश्नाने मला घाम फुटला होता.

ह्युई १९०० मध्ये सेंट लुईसला परत गेला. शेवटी एकदाचा चांगल्या बाजूला. त्या वर्षी साय यंग त्याच्याच संघात होता, बर्केटही होता. ह्युईने ५ जिंकले, ७ हरले. या वरच्या पातळीवरचं त्याचं ते शेवटचं वर्ष. सगळी कारकीर्द मिळून २९ विजय, ८० पराभव. पुढे तो मिशिगनमध्ये कोल्डवॉटरलाच राहिला, १९४५ मध्ये तिथेच वारला. म्हणजे ३० पराभवांनंतर ४६ वर्षं जगला, त्यात त्याला कितीजणांनी ते विचारलं असेल, हे तुम्हीच समजा.

आता बेरीज. वही न जुळणं ही स्कोअररला आईबहिणीवरून दिलेल्या शिवीसारखी. फलंदाजांच्या धावा अधिक अवांतर, आणि गोलंदाजांनी दिलेल्या धावा, या दोन्ही बाजू जुळल्याशिवाय मी आयुष्यात कधी तंबूतून उठलो नाही. तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी लाइटबिलाच्या पाठीवर सगळं पुन्हा मांडलं.

ह्युई ३०, चार्ली नेपर २२, बेट्स १८, श्मिट १७. झाले ८७. कॉलिफ्लॉवर ११, कार्सी ८, सुडहॉफ ८, हिल ६. झाले १२०. स्टिव्हेट्स ४, तो एकेकाळी बॉस्टनचा नावाजलेला पिचर, इथे येऊन एकही सामना न जिंकता संपला. हार्पर ४, मॉपिन ३. झाले १३१.

मग एकेक पराभववाले. मॅकअॅलिस्टर, हा मुळात आउटफिल्डर, पण जिथे माणूस कमी तिथे उभा राहायचा, तसा पिचरच्या जागीही एकदा उभा राहिला. आणि एडी कोल्ब. हा तर व्यावसायिक खेळाडूसुद्धा नव्हता. १५ ऑक्टोबर १८९९, सिनसिनाटीत हंगामाचा शेवटचा दिवस, एकाच दिवशी दोन सामने, टाकायला कुणाच्या हातात जीव राहिलेला नाही. सिनसिनाटीतल्याच एका हॉटेलात सिगारच्या दुकानावर हा पोरगा नोकरीला, हौशी बेसबॉल खेळणारा. त्याला आणून उभा केला. त्याने सगळा सामना टाकला, १९-३ ने हरला, आणि अशा पातळीवर पुन्हा कधी खेळला नाही. त्याची गोष्ट सगळे सांगतात, म्हणून माझ्या तक्त्यातही तो नीट आला.

झाले १३३. तुम्ही बरोबर, मी चूक.

रात्री उशिरा सापडला. ह्युईचा आकडा मोठा म्हणून लक्षात राहिला, कोल्बचा किस्सा आहे म्हणून तो लक्षात राहिला, आणि हा मधल्या मधे माझ्या हातून सुटला. याची ना गोष्ट आहे ना विक्रम. मी स्वतः उतरवून घेताना एक ओळ गाळली, मुद्रितशोधकाकडे बोट दाखवत नाही.

हायबॉल विल्सन. सामना एक, विजय शून्य, पराभव एक. कोल्बच्या खाली लिहून घ्या.